गणवेशातली निःपक्ष पावले

राज्याचे स्थैर्य सैनिक काय करतो यापेक्षा तो काय करीत नाही यावर अधिक अवलंबून असते. पलटणीतला नाईक योहान हे तत्त्व इतके कोळून प्यायला होता, की रजेवर आल्यावर पिठले हवे की कालवण, हेही तो सांगत नसे. (आई दोन्ही वाढी, तो दोन्ही संपवी.)

१९५९ साली दौंडला उतरून तो वडगाव रासाईला निघाला, तो नेमका पंचायतीच्या मतदानाचा दिवस. वस्तीला विहीर मिळावी म्हणून त्याची आई दयाबाई उभी होती. समोर बागाईतदार बबनराव. भीमेच्या काठी बबनराव झेंडा नि कर्णा लावलेल्या जीपमध्ये बसले होते.

"बस की रं योहान, वस्तीपतूर सोडतो."

"न्हाई आबा. सैनिकानं उमेदवाराच्या गाडीत बसायचं न्हाई, असा नियम हाय."

"मग चाल पायी. आमी मागनं येतो."

गाडीपुढे चालण्याविषयी नियम मूक होता. दुतर्फा ऊस, वाट एका गाडीपुरती. योहान गणवेशात, वाटेच्या मधोमध चालला (कडेने चालणे म्हणजे एक बाजू घेणे). छाती पुढे, हात खांद्यापर्यंत. मागे त्याच पावलांच्या बेताने जीप, आणि कर्ण्यातून बबनरावांचा जयघोष.

वस्तीने हा सोहळा पाहिला. "दयाबाईचं पोरगंच बबनरावाम्होरं चालतंय," अनसाबाई म्हणाली. "म्हंजी मायलेकरांचं आतून ठरलं आसंल. आपुन कशाला वाईट व्हायचं?" वस्ती उठली आणि बबनरावांना मते देऊन आली.

दयाबाई धावत आली. "आरं, निदान सांग तरी, मी त्यांचा न्हाई म्हनून."

"आई, तो विरोधी प्रचार व्हईल."

"मग मत तरी टाक."

मत देणे निःपक्षपातात बसते काय, यावर योहानने सखोल विचार केला. विचार पूर्ण झाला तेव्हा मतपेटीला लाखेची मोहोर लागली होती.

दयाबाई पडली. पंचायतीची विहीर बबनरावांच्या मळ्यालगत खोदली गेली.

पुढे योहान पलटणीत स्वतःच सांगे, "ज्या चालीसाठी मला कवायतीत बिल्ला मिळाला, त्याच चालीनं मी आईला पाडलं. पर नियम एकबी मोडला न्हाई."

पुढच्या रजेत आई नदीवर निघाली, तेव्हा त्याने हंड्याला हात घातला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पानी म्हंजी राजकारन हाय."

बबनराव आता पुढच्या निवडणुकीसाठी कोणत्याच बाजूला नसलेली माणसे जमवीत आहेत. वाचक स्वतःस तसे समजत असल्यास त्यांनी अवश्य जावे. गणवेशाची अट नाही.