मास्तरांचे संशयास्पद चौरस

लष्करी जीप हैदराबादेतल्या गौलीगुड्याच्या त्या बोळात शिरत नव्हती, म्हणून जवान चालतच आला आणि हिम्मतराव मास्तरांच्या हातात एक लिफाफा देऊन गेला. मास्तर अंगाला तेल लावून नाहणीकडे निघाले होते. तेलकट बोटांनीच त्यांनी तो फोडला. आत इंग्रजीत दोनच ओळी होत्या : आपण मद्रासला पाठवलेल्या सांकेतिक मजकुराच्या कागदांसंबंधी उद्या सकाळी दहाला हजर राहावे.

"सांकेतिक?" तारामतीबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, कुणाला काय कळवलंत तुम्ही?"

"मी काय कळवणार? चौरस पाठवले होते!"

खरोखरच चौरस होते. शाळेत गणित शिकवणाऱ्या हिम्मतरावांना जादूच्या चौरसांचं वेड होतं. चौरसाच्या घरांत आकडे असे भरायचे, की आडवी, उभी, तिरकी, कशीही बेरीज केली तरी उत्तर एकच यावं. चार वर्षं खपून त्यांनी कितीही मोठा चौरस भरायची एक रीत शोधली होती. मद्रासच्या एका गणित मंडळानं संशोधनासाठी पारितोषिक जाहीर केलं, तेव्हा मागच्या उन्हाळ्यात सोळा पानांचा लेख त्यांनी टपालात टाकला. पण तेव्हा हैदराबादेत निजामी राज्य होतं आणि सरहद्दीवर नाकेबंदी. लेख पोचला की वाटेत गहाळ झाला, काही कळलं नाही. सप्टेंबरात पोलिस अ‍ॅक्शन झाली, राज्य बदललं, आणि आता जानेवारीत हे बोलावणं आलं.

शेजारचे अंबाजी एका वकिलाकडे कारकून होते. त्यांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. "मास्तर, नवं सरकार जुन्या नोकरांना चाळणीत घालून चाळतंय. तुमच्या शाळेतले दोघं बडतर्फ झाले ना? असले कागद घरात अजून किती आहेत?"

"दोन ट्रंका."

"आणि झडती आली म्हणजे?"

हिम्मतराव घाबरले. रजा मागायला हेडमास्तरांकडे धावले आणि तासाभरानं परत आले, तेव्हा बंबातलं पाणी उकळत होतं आणि दोन्ही ट्रंका उघड्या, रिकाम्या होत्या.

"सगळं जाळलं," तारामतीबाई सुटकेचा श्वास टाकून म्हणाल्या. "आता येऊ देत झडतीला."

"अगं, त्यात कच्ची प्रत होती!"

"कच्चीच ना? पक्की तर तुम्ही मद्रासला पाठवलीत."

मास्तर रिकाम्या ट्रंका मिटून नाहणीत गेले. अंघोळ मात्र कडकडीत पाण्यानं झाली.

दुसऱ्या दिवशी अंबाजींनी त्यांना शेरवानी घालू दिली, पण निजामी अमलातली रूमी टोपी खुंटीवर ठेवायला लावली आणि स्वतःची खादीची टोपी दिली. अंबाजींचं डोकं मोठं होतं. टोपी मास्तरांच्या भुवयांपर्यंत उतरली.

कचेरीतला कॅप्टन बेळगावकडचा निघाला. त्याच्या टेबलावर ती सोळा पानं होती, प्रत्येकावर जुन्या सेन्सॉरचा उर्दू शिक्का.

"हे तुमचंच ना? मंडळाचं पत्र आलंय. इथलं टपाल अडलं होतं म्हणून हैदराबादच्या लोकांना त्यांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. पण यावर 'गुप्त लिपी' असा शेरा आहे. तो खोडल्याशिवाय मला कागद सोडता येत नाहीत. तुम्ही घरची दुसरी प्रत पाठवून मोकळे व्हा की."

"ती... पाण्यात गेली, साहेब."

"पाण्यात?"

"म्हणजे, पाणी तापवण्यात."

कॅप्टननं त्यांच्या टोपीकडे पाहिलं आणि शेरा मारणाऱ्या कारकुनाला बोलावलं.

करामत अली आले. पन्नाशीचा, मलकपेठेत राहणारा, किडकिडीत माणूस. सेन्सॉरची जुनी कचेरी मोडली होती; त्यांना नव्या कचेरीत ठेवतात की घरी पाठवतात हे अजून ठरलं नव्हतं.

"हुजूर, पहले दिन कोड समझा मैं. ऊपर से हुकुम आया, तोडो. तीन महिने तोडता बैठा. फिर मालूम हुआ, ये तो हिसाब है. मगर तब तक कचेरीच टूट गई. शेरा मिटाने को कोई रहाच नहीं."

"हे गणितच आहे, कशावरून?"

"हुजूर, इसमें गलती है. आदमी इत्ती मेहनत से गलती हिसाब में इच करता."

हिम्मतराव ताडकन उठले. "गलती? कहाँ?"

"नववा सफा, मास्टरसाब. अठारा घर का चौरस. तिरछी जोड उन्तीस सौ पच्चीस आना था. सात कम आती."

मास्तरांनी तिथंच पेन्सिल घेतली. एकदा बेरीज केली, दोनदा केली, मग शेवटाकडून सुरुवातीला आले. सात कमीच. मद्रासच्या विद्वानांसमोर हे पान गेलं असतं तर! आणि मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, की कॅप्टनही चकित झाला.

"करामतसाब, बहुत अच्छा किये तुम! बरं झालं अडकवलंत! नाहीतर माझी छी थू झाली असती!"

करामत अलींनी इकडेतिकडे पाहून खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. "दो कतारों की अदलाबदल करे तो जोड बैठती. अठारा में बी, आगे बाईस में बी. माफ करना, नींद नहीं आई इस वास्ते निकाला."

दोघं बाकावर बसले ते दुपारपर्यंत. कॅप्टननं शेरा खोडून खाली लिहिलं, 'गणित. निर्धोक.' मास्तरांनी नवव्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात ती अदलाबदल मांडली आणि लिहिलं, की इथला दोष आणि त्यावरचा उपाय श्री. करामत अली यांनी दाखवला. लेख त्याच दिवशी मद्रासला गेला. मास्तर घरी आल्यावर तारामतीबाईंनी त्यांना आग्रहानं दोनदा वाढलं.

एप्रिलात मंडळाचं पत्र आलं. लिहिलं होतं : लेखातली मुख्य रीत जुन्या ग्रंथांत पूर्वीच आढळते. नवव्या पानावरील तळटीप मात्र सर्वस्वी नवी आहे. सबब यंदाचं पारितोषिक सदर तळटिपेस देण्यात येत आहे.

"मिळालं?" तारामतीबाईंनी विचारलं.

"तळटिपेला मिळालं."

चार वर्षांचं ओझं छातीवर येऊन बसलं. मग मास्तरांनी पत्र उलटून मागचा मजकूर वाचला, पुन्हा वाचला, आणि चपला घालून थेट मलकपेठ गाठलं.

करामत अलींनी पत्र उभ्यानं वाचलं. त्यांचे डोळे भरून आले. "मास्टरसाब, नौकरी रहती के जाती, मालूम नहीं. मगर ये कागज कोई नहीं छीनता."

"पीछे बी पढो," हिम्मतराव म्हणाले.

करामत अलींनी पान उलटलं आणि मटकन खाटेवर बसले. विजेत्यानं जूनमध्ये मद्रासला यावं, सभागृहात तासभर इंग्रजीत व्याख्यान द्यावं, आणि नंतर उपस्थित पंडितांच्या शंकांना उत्तरं द्यावीत.

"एक घंटा? अंग्रेजी में?" त्यांनी मास्तरांची बाही धरली. "आप चलेंगे ना साथ में?"

"चलूंगा तो! पहिल्या रांगेत बसेन. टाळ्या वाजवायला कुणीतरी पाहिजेच की," हिम्मतराव म्हणाले, आणि कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी भूक लागून त्यांनी समोरची नानखटाईची बशी जवळ ओढली.