मागणीपत्राशिवाय जादू मिळणार नाही

"जादू ही अकलेची गोष्टच नाही, शिस्तीची आहे!" दिगंबरराव पाटणकरांनी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता जाहीर करून टाकलं.

भोसरीच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढलेल्या माणसाला शिस्तीवर बोलायचा हक्कच असतो. त्या बत्तीस वर्षांत सही केलेल्या मागणीपत्राशिवाय त्यांच्या खिडकीतून एक नट बाहेर गेला नव्हता. एकदा खुद्द मालकांना त्यांनी बल्बसाठी फॉर्म भरायला लावला होता. मालकांनी तो अंधारात भरला, हे दिगंबरराव अजूनही कौतुकाने सांगतात.

"जादूगार कोण होतंय?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"मी!"

"बरं. आधी पोहे संपवा."

त्याचं असं झालं होतं. त्यांची तेरा वर्षांची नात स्पृहा गेल्या वर्षी आईबाबांबरोबर म्युनिकला गेली. त्याआधी ती कर्वेनगरच्या याच घरात वाढलेली. सुरुवातीला रविवारचा फोन अर्धा अर्धा तास चालायचा. मग दहा मिनिटं. आणि हल्ली? "जेवलीस?" "हो." "शाळा?" "बरी." "बरं, ठेवतो." चाळीस सेकंद! फोन ठेवला की दिगंबरराव "बिझी असते गं पोर," म्हणायचे आणि पेपर तोंडासमोर धरून बसायचे. पान मात्र उलटायचे नाहीत.

आणि काल तिने आपणहून फोन केला!

"आजोबा, तुम्ही आमच्या टीममध्ये याल?"

ती ऑनलाइन गेम खेळायची. बरोबर तिचे इथल्याच शाळेतले जुने वर्गमित्र, दिग्विजय आणि चैताली. चौथा गडी क्लासच्या परीक्षांमुळे गळाला होता. टीम चौघांचीच लागते, आणि तीन आठवड्यांनी रविवारी मोठी लढाई होती. नव्या शाळेत स्पृहाची अजून कुणाशी मैत्री झाली नव्हती, तिची सगळी दुनिया म्हणजे हे दोघं आणि हा गेम.

"आम्हाला जादूवालं कुणीतरी हवंय. कुठला जादूगार व्हायचं ते तुम्ही निवडा. पण नीट विचार करून हं! एकदा निवडला की महिनाभर बदलता येत नाही."

नातीने सांगितलं असतं तर दिगंबरराव त्या गेममध्ये गाढवसुद्धा झाले असते. हे तर जादूगार!

पोहे संपताच त्यांनी फूटपट्टी काढली आणि तुलनात्मक तक्ता आखला. गुण, दोष, देखभाल, शेरा.

"अग्निजादूगार," त्यांनी वाचलं.

"लायटर बिघडला की गॅस पेटवायला मला हाक मारता," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"हिमजादूगार."

"दसऱ्यापासून कानटोपी घालणाऱ्या माणसाने?"

"मृतांना उठवणारा मांत्रिक."

"या बिल्डिंगमध्ये दुपारी जिवंत माणसाला उठवायची सोय नाही. मेलेल्यांना कुठे उठवता?"

हे मात्र खरं होतं. खालच्या मजल्यावर सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब राहत. त्यांच्या दारावर पाटी होती: 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडले जाणार नाही. उघडल्यास पस्तावाल.'

राहिला चौथा प्रकार, हीलर. जखमी सोबत्यांना बरं करणारा. माहितीत लिहिलं होतं की हीलरने संजीवनीच्या बाटल्या साठवायच्या आणि लढाईत गरजेप्रमाणे सोबत्यांना द्यायच्या. दुसऱ्या कुणालाही त्या वाटता येत नाहीत.

"अगं, हे तर स्टोअर आहे!" दिगंबरराव ओरडलेच. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं. ताबडतोब त्यांनी हीलर निवडला, आणि नाव ठेवलं 'पाटणकर स्टोअर्स'.

मग ते माइकवाला हेडफोन घ्यायला बुधवार पेठेत गेले.

"नातवासाठी का, आजोबा?" दुकानदाराने विचारलं.

"मला हवाय. मी जादूगार आहे."

"मग दुकानात कशाला आलात? हवेतून काढायचा की!"

पहिला सराव बुधवारी झाला. गुहेत शिरताच एका राक्षसाने दिग्विजयला गदा हाणली. दिग्विजय टीमचा योद्धा, तो सगळ्यात पुढे.

"आजोबा, बाटली! बाटली फेका!"

"कितपत लागलंय?"

"अर्धी लाइफ गेली!"

"म्हणजे अर्धी शिल्लक आहे. अर्ध्यावर लोक शंभरी गाठतात!"

"आजोबा, मलापण!" चैताली किंचाळली.

"नंबराने घ्या. आधी त्याचा अर्ज आहे. दिग्विजय, नग किती?"

दिग्विजयने नग सांगितले नाहीत, कारण तोवर तो मेला होता. मागोमाग चैताली आणि मग स्पृहा. गुहेत एकटे दिगंबरराव उरले, कोपऱ्यात, धडधाकट.

"साठा पूर्ण शिल्लक!" त्यांनी अभिमानाने कळवलं. 

सुहासिनीबाई शेजारी मेथी निवडत होत्या. "अहो, औषध माणसाला असतं की माणूस औषधाला?"

दिगंबररावांना ते लागलं. त्यांनी नियम बदलला! नंबर रद्द. ज्याची प्रकृती सर्वांत खालावलेली, त्याला प्राधान्य. हा नियम त्यांनी कागदावर लिहून कॉम्प्युटरला चिकटवला.

शनिवारचा सराव झकास चालला. तिघांनी मिळून राक्षसाला पार जेरीला आणलं. त्याच्या डोक्यावरची जिवाची रेघ केसाएवढी उरली. दिगंबररावांनी चौघांच्या रेघा पाहिल्या, नियम पाहिला, आणि क्षणाचाही विलंब न लावता बाटली फेकली.

राक्षसाला!

राक्षस टुणकन उभा राहिला.

"आजोबाऽऽ! हे काय केलंत?"

"प्रकृती सर्वांत त्याचीच खालावली होती!"

संध्याकाळी स्पृहाचा फोन आला. जरा अडखळतच बोलली. "आजोबा, चैताली म्हणतेय, आता शेवटच्या लढाईत हरलो तर तुमच्या जागी तिचा मामेभाऊ घेऊ या. तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?"

"छे! मला काय वाईट वाटायचंय?"

"बरं. ठेवते."

चाळीस सेकंदसुद्धा झाले नव्हते. दिगंबररावांना वाईट वाटलं. खूप वाटलं. खुर्चीवर बसून ते नुसते त्या चिकटवलेल्या कागदाकडे बघत राहिले. सुहासिनीबाईंनी न विचारता चहा आणून ठेवला. त्यात आलं जास्त होतं, म्हणजे त्यांनाही वाटलं होतं.

दोन आठवड्यांनी लढाईचा रविवार उजाडला. वेळ दुपारी साडेतीन, म्युनिकला बाराची. एवढा थोरला राक्षस, तीन डोक्यांचा! यावेळी दिगंबररावांनी मागणीची पद्धत आणखी सोपी केली होती. फक्त नाव, जखमेचं स्वरूप आणि नग. पण मुलांना तेवढंही सांगायला उसंत मिळेना. त्यात हेडफोन घातला की दिगंबररावांना आपला आवाज ऐकू येत नसे, त्यामुळे ते भोसरीच्या भोंग्यासारखे बोलत.

"दिग्विजय गेला! अरे, दिग्विजय गेला! चैताली, डोळे उघड! चैताली, तू तरी दम धर गं!"

दारावरची बेल वाजली. जिन्याकडच्या खिडकीतून डोकावून सुहासिनीबाई म्हणाल्या, "अहो, आप्पासाहेबांचं दार सताड उघडं आहे. पावणेचारला! तेच बेल वाजवताहेत. काहीतरी भयंकर झालंय, तुम्हीच जा!"

दिगंबररावांनी हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. माउस हातात दिला. "राक्षस सोडून बाकीचे आपले. ही बाटली, इथे दाबायचं. पण तू नुसती धरून बस. मी येईपर्यंत कुणाला काही द्यायचं नाही!"

दारात आप्पासाहेब उभे होते. खांद्यावर पंचा, मागे सोसायटीतले चार गंभीर पुरुष.

"दिगंबरराव, धीर सोडू नका," आप्पासाहेब म्हणाले. "दिग्विजय म्हणजे आपला कोण?"

"आमचा? योद्धा होता."

"होताच हो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट कोण बोलतं? आणि त्या चैतालीला नेमकं काय झालं?"

"राक्षसाने उचलून आपटलं."

मागचे चौघं एकमेकांकडे बघू लागले. एकाने हळूच विचारलं, "पोलिसांत कळवलंत?"

"अहो, तो गेम आहे!"

"गेम झाला?" आप्पासाहेबांचा चेहरा पांढरा पडला. "दोघांचाही?"

"कॉम्प्युटरवरचा खेळ, आप्पासाहेब! खोटा! कुणी मेलेलं नाही!"

आप्पासाहेबांनी सावकाश पंचा खाली घेतला. "सोसायटीच्या ग्रुपवर एकवीस जणांनी हात जोडलेत. दोघांनी तर 'मनमिळाऊ स्वभावाचे होते' असंही लिहिलंय. आता मी त्यांना काय सांगू?"

एवढ्यात आतून सुहासिनीबाईंचा आवाज आला. मोठ्ठा, खणखणीत!

"घे रे बाळा, अजून एक घे! लाजतोस काय? चैताली, तू तर काहीच घेतलं नाहीस, हे घे! स्पृहा, तुला दोन. नाही म्हणायचं नाही!"

आप्पासाहेब दचकले. "हे काय? तेराव्याच्या पंगती आजच?"

दिगंबरराव आत धावले. पडद्यावर बाटल्यांचा पाऊस पडत होता! कुणी मागायच्या आत बाटली मिळत होती. मागणी नाही, नग नाही, नंबर नाही. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढावी तशा सुहासिनीबाई आग्रहाने वाढत सुटल्या होत्या. मेलेला दिग्विजय उठला, चैताली उठली, स्पृहाने तलवार उचलली. तीन डोक्यांचा राक्षस धाडकन कोसळला.

हेडफोन डोक्यावर होता सुहासिनीबाईंच्या, पण मुलांच्या आरोळ्या दारातल्या आप्पासाहेबांनाही ऐकू गेल्या.

"आजी, तू भारी आहेस!" स्पृहा ओरडत होती. मग एकदम थांबली. "पण आजी, एवढ्या बाटल्या आल्या कुठून? कुणाकडेच पाचसहाच्या वर नसतात. तू तर चाळीसच्या वर फेकल्यास!"

सुहासिनीबाईंनी हेडफोन काढून नवऱ्याच्या डोक्यावर ठेवला.

दिगंबरराव चाचरले. "रोज सकाळी सातला, दूध घेतलं की मी गेम उघडतो. रोजची एक बाटली फुकट मिळते ना? शिवाय तुम्ही इकडेतिकडे टाकून जाता, त्या वेचून ठेवतो. सत्तेचाळीस नग होते."

"रोज? तीन आठवडे? आमच्यासाठी?"

"स्टोअर आहे, बाई. रोज उघडावंच लागतं."

 स्पृहाने नाक ओढलं आणि ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या जागी कुणाचाही मामेभाऊ येणार नाही. चैताली, ऐकलंस ना?"

"आजोबा, सॉरी," चैतालीचा आवाज आला. "आणि थँक्यू. आजींनापण!"

त्या दिवशी फोन दीड तास चालला. दीड तास! तिथल्या शाळेतली न कळणारी गणितं, डब्यातला गार पाव, तिच्याशी बोलायला लागलेली एक मुलगी, सगळं आलं. दिगंबररावांना राक्षसाचे, आप्पासाहेबांचे, सगळ्यांचे आभार मानावेसे वाटले. सगळ्यात जास्त बायकोचे. बत्तीस वर्षं त्यांनी माल जपला होता, वाढायचं कसं ते घरातच कुणालातरी येत होतं.

पण बायकोचे आभार मानायची सवय नव्हती. शेवटी ते म्हणाले, "तीन बाटल्या शिल्लक ठेवल्यास, ते बरं केलंस."

"त्या राक्षसासाठी ठेवल्यात," सुहासिनीबाई म्हणाल्या. "तुमचा पेशंट ना तो!"

आता दर रविवारी फोन वाजला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "आजोबा, आजीला द्या ना!" दिगंबरराव निमूटपणे हेडफोन देतात. साठा त्यांचा, वाटप आजीचं, अशी वाटणी झाली आहे. त्यांनी एकच अट घातली आहे. लढाई संपल्यावर का होईना, मागणीपत्र आलंच पाहिजे!

मुलं बिचारी पाठवतात. परवा स्पृहाचं आलं: 'बाटल्या: सहा. कारण: राक्षस. शेरा: आजोबा, तुम्ही आल्यापासून मला इथे एकटं वाटत नाही.'

दिगंबररावांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. सुहासिनीबाईंना हाक मारून त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. मग घसा खाकरला, आणि खाली तारीख घातली नव्हती म्हणून परत पाठवलं.