नियम क्रमांक नऊ

"विमानावर नाव-पत्ता?" रामहरी आबा खो खो हसले. "बाई, विमान हाय का लग्नाची पत्रिका?"

अंथुर्ण्याच्या विमान मंडळात माणसं पाच आणि विमानंही पाच, सगळी रबराच्या पिळावर उडणारी. आबा अध्यक्ष. सायकलदुरुस्तीचं दुकान सांभाळून नियमांची वही तेच लिहीत. ज्योत्स्ना मॅडम हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या आणि मंडळात नव्याच आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "आबा, उसात पडलेलं विमान सापडत नाही. पत्ता असला तर कुणी आणून तरी देईल."

"नवख्यानं आदी वरीसभर बघावं, मग बोलावं!" आबांनी वही ओढली आणि ठसठशीत लिहिलं: 'नियम नऊ. विमानावर कसलाही मजकूर आढळल्यास विमान बाद.'

आबांचा तोरा उगाच नव्हता. सलग दोन वर्षं स्पर्धेची ढाल त्यांचीच होती. यंदा तिसऱ्यांदा जिंकली की ती कायमची घरी. त्यासाठी भिंतीत खिळासुद्धा ठोकून झाला होता.

स्पर्धेला मॅडमचं विमान दीड मिनिट टिकलं आणि सगळ्यांच्या पुढं गेलं. शेवटी आबांचं सुटलं, आणि काय सांगावं! गरम वारा धरून ते वर वर गेलं, चांगली चार मिनिटं घिरट्या घालून मैदानालगतच्या मानसिंगच्या उसात गडप झालं. आता नियम सहा, तोही आबांचाच: दिवस मावळायच्या आत विमान हजर केलं नाही तर वेळ धरायची नाही.

"आबा, दोन पुरुष उंच ऊस हाय. ढाल गेली समजा," घड्याळ धरून बसलेला भानुदास म्हणाला.

"येतंय की. माझं विमान हाय ते!" आबा खुशाल पान चघळत बसले. एवढा भरवसा कशाचा, कुणाला कळेना.

दिवस टेकला तशी मानसिंगच्या रानात गवत कापणारी सारजाबाई बांधावरून आली. गवताच्या भाऱ्यावर विमान होतं.

"रामहरी कोन हाय? पंखाखाली लिवलंय म्हनं, 'सापडल्यास रामहरीच्या सायकल दुकानी आणून द्यावे. चहा मिळेल.' माज्या छकुलीनं वाचून दावलं. कुठं हाय च्या?"

भानुदास आभाळाकडंच बघायला लागला. आबांनी वही मागून घेतली आणि स्वतःच नियम नऊवर बोट ठेवलं. आवाज अध्यक्षांचाच होता.

"नियम म्हंजे नियम. मी बाद. ढाल मॅडमची." मग खिशातून पेन काढून त्यांनी शेजारी लिहिलं: 'पुढील वर्षापासून रद्द.'

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "आबा, 'चहा मिळेल' हे काही मला सुचलं नव्हतं हं."

आबांची मान पुन्हा ताठ झाली.

"मंग! नवख्याला येवडं कुठनं सुचायचं?" असं म्हणून ते सारजाबाईला घेऊन दुकानाकडं चहा पाजायला निघाले.