चोवीस तुतवार आणि एक शिंक

"पाठ दाखवा, उपजाती सांगतो!" भिंगोबा छाती पुढे काढून म्हणायचा. पक्षिसंग्रहालयात तो सहा वर्षं हंगामी मदतनीस होता, आणि डोळ्याला भिंग लावूनच हिंडायचा, म्हणून हे नाव. आज चार वाजता प्रमुख मॅडम त्याचं काम बघणार होत्या आणि त्याला कायम करायचं की नाही ते ठरवणार होत्या. आज काहीतरी करून दाखवायलाच हवं होतं.

कापूस भरून जपलेल्या तुतवारांचा खण त्याने बाहेर काढला. किनाऱ्यावरचे चिमणीएवढे चोवीस पक्षी, दोन उपजातींचे: बारा उत्तरेकडचे, बारा पूर्वेकडचे. प्रत्येकाच्या पायाला क्रमांकाची चिठ्ठी होती, पण दोरे मात्र आजोबांच्या लेंग्याच्या नाडीसारखे मळलेले! भिंगोबाने ठरवलं, नवे पांढरेशुभ्र दोरे बांधायचे. चोवीसही चिठ्ठ्या त्याने एकदम सोडल्या आणि ज्याची त्याच्यासमोर नीट मांडली.

जुन्या दोऱ्यांची धूळ नाकात गेली. शिंक आली. आली म्हणजे काय, खिडकीची तावदानं हादरली! चिठ्ठ्या कपाटाखाली, खुर्चीखाली, एक तर थेट त्याच्या चहात.

त्याने सगळ्या गोळा केल्या आणि स्वतःलाच म्हणाला, "घाबरतोस काय? पाठ बघ की!" तांबूस पाठीचे बारा उत्तरेकडचे, काळपट पाठीचे बारा पूर्वेकडचे. कसे अगदी मोजून बारा-बारा निघाले! त्याने भराभर चिठ्ठ्या बांधून टाकल्या. क्रमांक इकडचे तिकडे झाले असतील, पण निदान उपजाती तरी चुकणार नव्हती.

तेवढ्यात ताई आली. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, तिची लाँड्री होती. मॅडमसमोर घालायचा इस्त्रीचा शर्ट ती घेऊन आली होती.

"हे काय रे, नवे आणि वापरलेले वेगळे लावलेस?" खणात डोकावून ती म्हणाली.

"ताई, या दोन उपजाती आहेत!"

"असतील. पण या बारांच्या कडा बघ, झिजल्यात. फिकट काठ गेला की कापड काळपट दिसतं. रोज एक गिऱ्हाईक भांडतं, हा माझा शर्ट नव्हेच म्हणून!"

भिंगोबा हसला. मग भिंग लावलं आणि हसू थांबलं. काळपट पाठीवरचं एकेक पीस कडेला उसवलेलं होतं, तांबूस पाठीवर मात्र प्रत्येक पिसाला कोरा, रुंद काठ! म्हणजे उपजाती कुठलीही असो, पक्षी पिसं बदलली की नवा दिसतो आणि ऊनवारा खाल्ला की जुना. आपण सहा वर्षं काय बघत होतो? त्याला लाज वाटली, पण भिंग खाली ठेववेना. "ताई, हे बघ! याची अर्धी पिसं नवी, अर्धी जुनी!" दोघं खणावर ओणवी झाली, ती दारात मॅडम उभ्या राहीपर्यंत तशीच.

भिंगोबाने शिंकेपासून सगळं सांगून टाकलं. मॅडमनी नोंदवही काढली. त्यात प्रत्येक क्रमांकापुढे पंखाची आणि चोचीची लांबी लिहिलेली होती. मोजपट्टी लावून तिघांनी चोवीस पक्षी मोजले आणि एकेकाची खरी चिठ्ठी शोधून काढली.

"तुम्ही बारांची उपजाती बरोबर सांगितलीत," मॅडम म्हणाल्या.

भिंगोबाचा चेहरा खुलला. "चोवीसातल्या बारा!"

"नाणं उडवलं असतं तरी तेवढ्या आल्या असत्या. आणि सगळ्या चिठ्ठ्या एकदम कोण सोडतं?"

"तेच म्हणते मी!" ताई म्हणाली. "आमच्याकडे कपड्याची एक चिठ्ठी बांधल्याशिवाय दुसरी सोडत नाहीत."

मॅडमनी चष्मा काढला आणि ताईकडे नीट पाहिलं. "कडा झिजल्याचं तुम्हीच ओळखलंत ना? इथे काम कराल का?"

भिंगोबा हातातला इस्त्रीचा शर्ट चुरगळत दोघींकडे बघत राहिला.

"करीन की," ताई म्हणाली. "पण कायम असेल तरच हं. हंगामी आमच्या घरात एक आहे!"