दारामागची उमेदवार

मुलाखत सुरू व्हायला आली आणि तिच्या लक्षात आलं, लॅपटॉपची बॅटरी शेवटचे आचके देतेय आणि चार्जरची वायर भिंतीपर्यंत पोचत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड झोपायच्या खोलीलगतच्या अडगळीत होता. ती आत शिरली, मागे दार लागलं आणि बाहेरची कडी खट्दिशी पडली.

या कडीचं तिला कोण कौतुक. दोन वर्षांचे धाकटे सरकार घरातली कुठलीही कडी काढत, म्हणून तिनं डोकं लढवून ही खास बनवली होती. दार स्प्रिंगनं आपोआप लागायचं, कडी डोक्याच्याही वर, आणि काढायची तर दोन खटके एकदम दाबायचे. आतून कोण कशाला उघडतंय, म्हणून आतल्या बाजूला साधी मूठही नव्हती. कारखान्यात तिला बेअरिंगबाई म्हणत, कारण नुसत्या आवाजावरून ती यंत्राचं दुखणं सांगायची. त्या 'खट्' वरून तिनं आता स्वतःचं निदान केलं.

"आई, मी अडकले."

सासूबाई नातवाला कडेवर घेऊन आल्या. "माझा हात खांद्याच्या वर जातो का, बाई? आणि शेजारीणही कुलूप लावून गेलीय. तरी सांगत होते, साधी कडी लाव."

"स्टुलावर बिलावर चढू नका हं."

"चढतेय कुठली. तूच काय ती अक्कल चालव."

गेलं वर्षभर ती वित्ताच्या पदवीच्या या प्रवेश-मुलाखतीकडे डोळे लावून बसली होती. कारखान्यात नवा कॉम्प्रेसर मागावा, तर पैशांचे निर्णय जिथे होत त्या वरच्या काचेच्या मजल्यावरून एकच प्रश्न खाली यायचा, 'परतावा किती?' की कागद परत. जेवणाच्या सुट्टीत ती त्या काचेकडे बघत राही, खेळण्यांच्या दुकानाबाहेर पोरं उभी राहतात तशी. मग बाळ झोपलं की, दूध तापेपर्यंत, कुकर निवेपर्यंत, तिनं वित्तशास्त्राची पुस्तकं वाचून काढली. आज हातातला पैसा उद्याच्या तेवढ्याच पैशाहून मोलाचा असतो, हे वाचून ती हरखली. तासांच्या बाबतीत तिला ते बाळ झाल्यापासून ठाऊक होतं.

मुलाखतीची सगळी उत्तरं पाठ होती, एक सोडून. पदवीची ही दोन वर्षं बाळाला कोण सांभाळणार? सासूबाईंना विचारायचं रोज ठरायचं, शब्द ओठांवर यायचे, आणि ती म्हणायची, "आई, चहा टाकू?"

लॅपटॉप वाजला.

"आई, हिरवं बटण दाबा."

दाबलं. पडद्यावर एक टकलू प्राध्यापक आणि चष्मेवाल्या बाई उगवल्या. "नमस्कार. उमेदवार आपणच का?"

"मी उमेदवाराची सासू. उमेदवार अडगळीत आहे."

"कामात अडकल्यात का?"

"कामात नाही हो, कडीत. स्वतःच बनवलीय."

"पण त्या इंजिनिअर आहेत ना?"

"म्हणूनच तर. दुसऱ्या कुणाची असती, तर आमच्या नातवानं एव्हाना काढली असती."

"सर, मी आतूनच उत्तरं देते," ती ओरडली.

सासूबाईंनी खुर्ची ओढून लॅपटॉप अडगळीच्या दारासमोर ठेवला. आता दोन विद्वान एका बंद दाराची मुलाखत घेऊ लागले.

"यंत्रं सोडून वित्त का?" दाराला प्रश्न आला.

पाठ केलेलं उत्तर रंगाच्या डब्यांमध्ये कुठेतरी सांडलं. "यंत्र मला कळतं, सर. ते घ्यायचं की नाही हे ज्या खोलीत ठरतं, तिथली भाषा मला येत नाही. दर वेळी मी बाहेर उभी असते. मला एकदा आत जायचंय."

"सध्या तरी बाहेर यायला हवं," सर म्हणाले. "हा ठकठक आवाज कसला?"

"इथे हातोडी सापडली, बिजागऱ्यांच्या खिळी काढतेय, सर. पुढचा प्रश्न विचारा."

चष्मेवाल्या बाईंनी विचारला. "घरी लहान मूल आहे. दोन वर्षं पूर्ण वेळ अभ्यास. त्याच्याकडे कोण बघणार?"

ठकठक थांबली. अंधारात ती हातोडी धरून उभी राहिली. चहाचं विचारायचीही सोय नव्हती.

"आत्ता ती आत आहे," बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "तर पोरगं कुणाच्या कडेवर आहे? दिसत नाही का तुम्हाला?"

"आजी, आम्हाला फक्त दार दिसतंय."

लॅपटॉप फिरवल्याचा आवाज आला. "आता दिसलं? मग लिहून घ्या. तिनं विचारलंच नाही मला कधी. वाट बघून कंटाळले."

पलीकडून काही उत्तर यायच्या आत बॅटरीनं मान टाकली.

आत तिनं शेवटची खीळ कशीबशी काढली. दाराचा सगळा भार तिच्या तळव्यांवर आला. नुसतं बाजूला सरकवायचं होतं. ती तशीच उभी राहिली.

टेबलावरचा तिचा फोन वाजला. सासूबाईंनी उचलला, ऐकला, आणि दारापाशी आल्या. "ते टकलू विचारतायत, वर्ग पुढच्या महिन्यात सुरू होतील, तोवर निघशील ना बाहेर?"

आतून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"अगं, रडतेस की काय?"

"नाही, आई," आतून आवाज आला. "दार जड आहे."