गोविंदरावांचा दुपारचा डोस

आमचे शेजारी गोविंदराव कला महोत्सव जवळ आला की लोकांच्या नाड्या बघायला लागतात. वैद्य-बिद्य काही नाहीत हो! जन्म गेला पितळी भांड्यांच्या दुकानात. पण कुंभकोणमच्या महोत्सवात कुणी कुठला कार्यक्रम बघावा, हे ते मनगट धरून ठरवतात आणि गल्ली निमूटपणे ऐकते. गुडघेदुखीवाल्यांना भरतनाट्यम् वर्ज्य. "पाहतां पाहतां आपलाही पाय आपटतो." नवराबायकोचं बिनसलं असेल तर वीणा. कानानं कमी ऐकू येत असेल तर तविल हा इकडचा दणदणीत ढोल, तोही पहिल्या रांगेत बसून. समोरच्या मामी सुनेवर सारख्या डाफरायच्या, त्यांना यांनी बाहुल्यांचा खेळ सांगितला. "दोऱ्या ओढणाऱ्याचे हात किती दुखतात तें पाहून यावें." मामी चिडल्या, पण गेल्या.

मी मूळची साताऱ्याची, नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे इकडे आलेली. पहिल्याच दिवशी गोविंदराव दारात येऊन म्हणाले, "वैनी, कापी घेतल्याविना कामास लागूं नये." मला वाटलं, कॉफीला कापी म्हणणारा हा माणूस थेट एखाद्या बखरीतून उठून आलाय. त्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. रस्त्यावर तमिळ, उंबऱ्याच्या आत हे जुनं मराठी. माझं मराठी ऐकून ते मात्र हळहळले होते. फार बिघडलें म्हणे तुमच्याकडे!

हळूहळू माझ्या लक्षात आलं की दुखणं कुठलंही असो, यांच्या औषधातला शेवटचा डोस एकच असतो, शनिवारी दुपारचं मराठी कीर्तन. "हें सर्वांस चालतें. बाळंतिणीसही." कीर्तन करणाऱ्या कमलाक्का म्हणजे यांच्याच पत्नी. वेळ भर दुपारची, जेवण होऊन डोळे जड झालेले, त्यात भाषा मराठी; हा एवढा डोस गल्ली चुकवायची. दर वर्षी रिकाम्या खुर्च्या आणि गरगरणारे पंखे, एवढेच श्रोते. आणि गंमत बघा, गल्लीला पिटाळणारे गोविंदराव स्वतः कधी आत जात नाहीत. बाहेर चपलांपाशी उभे राहतात.

कारण मला कमलाक्कांनीच सांगितलं, गच्चीवर वडाम, म्हणजे इकडच्या कुरडया, घालता घालता. पूर्वी त्यांचं कीर्तन संध्याकाळी असायचं, सभागृह भरायचं. एकदा त्यांचा एक शब्द चुकला आणि गोविंदरावांनी पहिल्या रांगेतून खणखणीत आवाजात दुरुस्त केला. आता सांगा, अख्ख्या सभागृहात मराठी कळणारी ही दोनच माणसं! चूक झाली हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. यांनी सांगितल्यावर मात्र सगळ्यांना कळलं. कमलाक्कांना पुढचं काही सुचेना, कीर्तन तिथंच संपलं. पुढच्या वर्षी वेळ दुपारची मिळाली. नवऱ्याला त्यांनी एवढंच बजावलं की माझ्या कीर्तनाला पुन्हा आत पाऊल टाकायचं नाही. टाकलं नाही त्या माणसानं.

यंदा महोत्सवाचे चिटणीस घरी येऊन सांगून गेले की खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर पुढच्या वर्षापासून मराठी कीर्तन बंद. कमलाक्का म्हणाल्या, बरं. दुसऱ्या दिवसापासून गोविंदरावांनी गल्लीच काय, बाजारसुद्धा सोडला नाही. स्वामीमलैच्या मूर्ती ओतणाऱ्या दोस्तांच्या नाड्या बघितल्या, पट्टीश्वरम्‌च्या बसमध्ये कंडक्टरची बघितली. माझी नणंद पुण्याहून आली होती, तिची तर रिक्षातून उतरता उतरता धरली. ती ओरडणारच होती.

शनिवारी सभागृह भरलं. खरंच भरलं हो! मामी सुनेला शेजारी घेऊन बसल्या होत्या. चिटणीस मागं भिंतीला टेकून उभे. नणंदेला जागा देऊन मी दारातच थांबले, गोविंदरावांच्या बाजूला. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, चपलांपाशी उभं राहायला.

कमलाक्का आल्या, त्यांनी समोर बघितलं आणि मला त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. इतक्या वर्षांची सवय रिकाम्या खुर्च्यांची! रुक्मिणीची कथा होती. कृष्णाकडे पाठवलेला ब्राह्मण अजून परतला नाही, रुक्मिणी घाबरी झालीय, इथवर आल्या. त्यावरचं पद, साकी, गायला घेतलं.

"अझुनि न ये तो विप्र..."

आणि थांबल्या. पुन्हा तेच म्हटलं, पुन्हा थांबल्या. मृदंगवाला तेच तेच वाजवत राहिला. चिटणिसांनी घड्याळ बघितलं. खरं तर काहीही गुणगुणून पुढं जाता आलं असतं, कोण धरणार होतं? पण त्या तसल्या नव्हेत.

मी गोविंदरावांकडे बघितलं तर त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. पुढचा चरण त्यांना येत होता, डोळ्यांत दिसत होतं. मी म्हटलं, सांगा ना हो! त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

कमलाक्कांनी चिपळ्या खाली घेतल्या. सगळ्या सभागृहावरून त्यांची नजर दाराकडे आली. रागानं बघतायत असं मला आधी वाटलं. मग त्या घरात बोलतात तशा, हळू आवाजात म्हणाल्या,

"सांगावें की आतां."

गोविंदरावांनी तोंडावरचे हात काढले. गल्लीभर बोलणारा माणूस, पण पहिल्यांदा नुसते ओठ हलले. मग चपलांमध्ये उभे राहून त्यांनी तो चरण म्हटला, बेसूर.

"लोचनें दारीं लागलीं."

"लागलीं," कमलाक्कांनी तिथूनच उचललं आणि असा सूर लावला की चिटणीस भिंत सोडून सरळ उभे राहिले. पहिल्या रांगेतली एक खुर्ची मामींनी रिकामी करून पदरानं पुसली. गोविंदराव मात्र जागचे हलले नाहीत. मीच त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना आत घेऊन गेले.