शिरड शहापूरकर फौजेची राक्षसग्रंथावरील स्वारी

ही बखर लिहावी ऐसी आज्ञा कोणी केलेली नाही. आज्ञा करणारे थोर लोक आमचे मुलुखात येतात ते रेस्टहाऊसवर कोंबडे खाऊन परत जातात. आणि बखरी लिहिणारे जे पूर्वी होऊन गेले त्यांनी धन्याचा घोडा कोणत्या रंगाचा होता हे पानोपान लिहिले, परंतु त्या घोड्याची लीद कोण काढीत होता त्याचे नाव लिहावयास त्यांची शाई पुरली नाही. सबब आम्ही आपले शाईने, आपले हिमतीवर, हे वर्तमान लिहितो. शुद्धलेखन तपासणारांनी आपले घरचे तपासावे.

शके एकोणीसशे सव्वीस, वैशाखमास, इंग्रजी सन दोन हजार चार. हिंगोली परभणीपासून फुटून जिल्हा जाहली होती त्यास थोडकी वर्षे लोटली होती, आणि जिल्हा जाहल्याने काय जाहले म्हणाल तर पाट्या नव्याने रंगविल्या. त्या समयी मौजे शिरड शहापूर येथे बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत चौघांचे राज्य होते. त्यांत राजेश्री भीमराज, बौद्ध वस्तीतले, टेलिफोनच्या बूथवर बसणारे, इंग्रजी खडाखड वाचणारे, आणि ग्रंथांचे खजिनदार. त्यांची धाकटी बहीण मातुश्री शीतल, डी.एड.चे विद्यालयात जाणारी, जिच्या जिभेस गाव वचकून असे. राजेश्री रूपसिंग, शिरड ते वसमत जीप हाकणारे, ज्यांचे जिपेत माणसे बसत नसत, भरली जात. आणि राजेश्री दत्तप्रसाद, किराणा दुकानदाराचे चिरंजीव, जे खेळवणारे होते.

खेळ कोणता, हे न सांगावे तर वाचणारास कळणे नाही. खेळवणाराने गोष्ट सांगावी, की पुढे गुहा आहे, आत अंधार आहे, आणि बाकीच्यांनी आपापला एकेक गडी मनाने घडवून त्या गुहेत घालावा, आणि गडी काय करतो ते तोंडाने सांगावे, मग ते जमले की फसले हे दाण्याने ठरावे. परदेशी लोक याकामी वीस बाजूंचा फासा टाकतात. आमचे दरबारी तो फासा नव्हता, म्हणोन चिंचोक्यांवर आकडे रंगवून ते तांब्यात घातले होते, आणि ज्याचा डाव असेल त्याने डोळे मिटून एक काढावा ऐसा कायदा होता. या खेळाचे दोन जाड इंग्रजी ग्रंथ, एक खेळणारांचा आणि एक खेळवणाराचा, रूपसिंगाने हैदराबादेहून रविवारच्या फूटपाथ बाजारातून आणिले होते, आणि भीमराजाने त्यांस खताच्या गोणीतल्या प्लास्टिकचे कव्हर घालून ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसह ठेविले होते. तिसरा ग्रंथ राक्षसांचा. कोणता राक्षस किती बळाचा, त्याचे दात किती, त्याचा जाळ कुठवर जातो, हे सर्व त्यात लिहिलेले असते. तो मात्र फौजेपाशी नव्हता, म्हणोन तीन वर्षे दत्तप्रसाद राक्षस आपले मनाने करीत होते.

यातून फितवा उपजला. संक्रांतीचे सुमारास फौज एका गुहेत शिरली असता आतून जाळओक्या निघाला. जाळओक्या म्हणजे पंखांचा अजगर, दत्तप्रसादाने त्यास हे नाव दिले होते. भीमराजाचा गडी खड्गराव, शीतलची चेटकीण धूम्रलेखा आणि रूपसिंगाचा चोर बिजली, तिघे पाठीस पाठ लावून उभे होते. जाळओक्याने जाळ ओकिला आणि दत्तप्रसादाने जाहीर केले की खड्गराव जळोन खाक जाहला, बाकीचे दोघे वाचले.

"माझाच गडी काहून मेला?" भीमराज बोलिले.

"म्होरं तूच होता ना बे."

"पाठीला पाठ लावल्यावर म्होरं कोण आन् मागं कोण? जाळ काय मला पाहून थांबला?"

"मी खेळवून राहिलो ना? मी म्हनतो थांबला, म्हंजे थांबला."

"ग्रंथात दाखव."

हे भांडण पोरकट आहे ऐसे ज्यास वाटेल त्याने गावात काही हरवले, काही जळाले, काही बाटले, की पहिले नाव कोणाचे घेतले जाते आणि पहिली लाथ कोणत्या वस्तीच्या दारावर बसते याची चौकशी करावी, आणि मग हसावे. भीमराजाने तीन वर्षे राबोन खड्गराव वाढविला होता. खड्गरावास किल्ला होता, पांढरी घोडी होती, आणि गावोगावचे पाटील त्यास उठोन खुर्ची देत. मेला याचे दुःख नव्हते. एकटाच का मेला, ऐसा सवाल होता.

मग तह ठरला की जोवर राक्षसांचा ग्रंथ मिळोन जाळाचा खरा विस्तार कळत नाही तोवर खड्गराव मेला नाही आणि जिवंतही नाही. आणि भीमराजाने ट्रंकेस कुलूप घालोन किल्ली करगोट्यास बांधिली, आणि गिरणीतला दरबार बंद पडला. रविवार रिकामे जाऊ लागले. दत्तप्रसाद दुकानात साखर तोलताना गिऱ्हाइकास गुहेतली वाट सांगू लागले, ऐसी दुर्दशा जाहली.

ऐसे तीन मास गेलियावर रूपसिंगास उपरती जाहली. त्याने बूथवर येऊन, टेलिफोन करणारी म्हातारी बाहेर जाईतो थांबोन, कबूल केले की तिसरा ग्रंथही हैदराबादेहून आला होता. परंतु जिपेच्या सीटवर पडला असता चांगुणाबाई मेंढकरणीने पाहिला आणि हे काय म्हणोन पुसिले.

"मंग तू काय म्हनला?" शीतलने विचारिले.

"जनावराच्या डाक्टरचं पुस्तक हाये म्हनलो. शिंगं होती ना चित्रात. तिनं घोंगडी देली, मी पुस्तक देलं."

"अन् तीन वर्सं आमच्या तोंडाकडं बघत बसला?"

"घोंगडी चांगली होती."

शीतलने तेव्हा जे शब्द उच्चारिले ते बखरीत लिहिण्याजोगे नाहीत, परंतु बराबर होते.

मग मसलत होऊन रविवारी प्रातःकाळी फौज जिपेतून कूच करोन मौजे हट्टा गावाचे रोखे निघाली. दत्तप्रसादही आले, कारण ग्रंथ आपले बाजूने बोलेल ऐसी त्यांची खातरी होती. कालव्याचे काठी चांगुणाबाईचा तळ पडिला होता. बाई घोंगडीवर बसोन मिश्री लावीत होत्या. ग्रंथ लाल फडक्यात बांधोन उशाशी होता, आणि त्याचा लौकिक त्या मुलुखात ऐसा जाहला होता की कोणाचे कोकरू गेले की तो मेंढका कोसावरून येऊन पान उलटी, आणि ज्या चित्रावर मन बसेल त्यावर बोट ठेवोन, यानेच नेले, ऐसे सांगे, मग बाई त्यास चहा देत आणि दोन शब्द बोलोन वाटे लावीत.

भीमराजाने अर्ज केला की ग्रंथ विकत द्यावा. बाईंनी हुकूम फर्माविला की देणे नाही. मग अर्ज केला की एक पान पाहू द्यावे.

"बघा की. पन आधी ही मेंढरं पल्याड घाला. पल्याडच्या शेतकऱ्यानं आज मेंढरं बसवायला बोलावलंय, रान खताला आलंय त्याचं. माझं पोरगं गेलं लग्नाला. अन् ह्या पुलाला मेंढरं बुजून राहिली. खाली पानी दिसतंय ना."

पूल अरुंद, कठडा मोडका, कालव्यास पाणी सुटलेले, आणि अलीकडे मेंढरांचा समुद्र. शेतकऱ्याने वाट पाहून दुसऱ्याची मेंढरे बोलाविली तर खताचे मोबदल्यात मिळावयाचे बाईंचे पुढल्या मुक्कामाचे धान्य बुडाले. ऐसा प्रसंग.

दत्तप्रसादाने सेनापतिपद आपणच घेतले आणि गुहेत जी रचना करीत तीच मांडिली. भीमराज आघाडीस, रूपसिंग बगलेस, शीतल पिछाडीस. आणि हल्ला असा ठरविला की एकेक मेंढी उचलोन पलीकडे न्यावी. भीमराजाने एक मेंढी खांद्यावर घेतली आणि पूल ओलांडोन पलीकडे ठेविली, मग दुसरी आणावयास वळले तो पहिली ओरडत त्यांच्या आधी अलीकडे येऊन कळपात मिळाली. रूपसिंगाने दोन नेल्या, त्या दोन्ही परतल्या. ऐसा पराक्रम उन्हे चढेतो चालला, आणि फौज मेंढरांच्या वासाने ऐसी भरली की मेंढरांस ते आपलेच वाटो लागले.

"लेकरांनो," बाई तोंडातली मिश्री थुंकोन बोलिल्या, "एकलं मेंढरू कवा पल्याड ऱ्हाईल व्हय? म्होरक्याला न्या. बाकीचे जातेत मागून."

म्होरक्या म्हणजे कळपाचा एडका, नाव हैबती, शिंगे दोन वळणांची, नजर तहसीलच्या कारकुनासारखी. दत्तप्रसादाने पुढे होऊन त्यास शिंगास धरिले आणि पुलावर ओढिले. हैबती दोन पावले मागे सरला. यावरून शत्रूने माघार घेतली ऐसे सेनापतीस वाटले, आणि त्यांनी तसे मोठ्याने जाहीरही केले. मग हैबतीने मुंडी खाली घातली, आणि राजेश्री दत्तप्रसाद कठडा नसलेल्या जागेतून कालव्यात गेले.

त्यांस पोहता येत नव्हते. पाणी छातीइतकेच होते परंतु ही गोष्ट त्यांस कोणी सांगितली नव्हती. भीमराज पुलावर पालथे पडोन, त्यांची कॉलर मुठीत धरोन, निवांत बोलिले:

"थांब, तांब्यातून दाना काढून बघतो, तू निघतो का न्हाई."

"भीम्या, वढ बे! मरून राहिलो मी!"

"एकलाच? का आमी बी?"

"दादा, आधी वर घे त्याला," शीतल बोलिली, "भांडन ओलं करू नको."

दत्तप्रसाद वर काढिले गेले. इतक्या अवकाशात मातुश्री शीतल यांनी लढाईचा नाद सोडोन शत्रूचा सरदार फोडावा ऐसा विचार केला, आणि डब्यातली गूळभाकर काढोन हैबतीच्या नाकाशी धरिली, आणि पाठ फिरवून चालू लागल्या. हैबतीने वास घेतला, मग इमान सोडिले. तो भाकरीमागे पुलावर गेला, आणि त्यामागे एक मेंढी, आणि तिच्यामागे सगळा दळभार ऐसा उसळला की पूल दिसेना, आणि वाटेत उभे असलेले रूपसिंग कठड्यास मिठी मारोन, मेंढरांचे पायाखाली बूट गमावून, जीव वाचवून राहिले.

मग पलीकडे बाभळीचे सावलीस ग्रंथाचा दरबार भरला. बाईंनी फडके सोडिले. ग्रंथास लोकरीचा आणि धुराचा वास, पानोपान अंगठे, एक कोपरा मेंढीने खाल्लेला. शीतलच्याने राहवेना.

"मावशी, खरं सांगू का? हे औषधाचं पुस्तक न्हाई."

"मला काय येडी समजली का? पैल्याच साली कळलं." बाईंनी रूपसिंगाकडे पाहिले. "औषध आसतं तर ह्यानं फुकट घोंगडीवर देलं आसतं व्हय? पन ज्याचं कोकरू गेलं त्याला कोनावर तरी बोट ठेवायला लागतं. मानसावर ठेवन्यापरीस ह्या चित्रावर ठेवलेलं बरं. घोंगडी मी इसरले न्हाई, रूपसिंग."

रूपसिंग आपले उघडे पाय पाहू लागले.

मग भीमराजाने जाळओक्याचे पान काढिले. इंग्रजी त्यांच्याइतके कोणास येत नव्हते, म्हणजे ते जे वाचतील तेच ग्रंथात आहे ऐसे मानणे सर्वांस भाग होते. पाहिजे ते वाचता आले असते. त्यांनी एकदा मनात वाचिले, पुन्हा वाचिले, मग मोठ्याने, शब्दास शब्द लावोन, मराठी करोन सांगितले की हा जाळ एका माणसावर पडतच नाही, तो तोंडातून निघताच रुंद होत जातो, आणि ऐशा गुहेत जो कोणी उभा असेल त्या सर्वांस घेतो.

"म्हंजे मी बी?" रूपसिंग बोलिले.

"तू बी."

"मी खांबामागं होतो."

"खांबाचं काही लिहिलेलं न्हाई."

"आरं पन माझ्यापाशी राजाचा मुकुट होता चोरलेला!"

"तो बी वितळला."

धूम्रलेखा मेली हे शीतलने चेहऱ्यावरची माशी उडवावी तैसे सोसिले आणि दत्तप्रसादाकडे वळोन पुसिले की मग जाळ थांबविला कशास?

दत्तप्रसाद ओला सदरा पिळीत बसले होते. त्यांनी जबानी दिली की ग्रंथ नव्हता, जाळ किती ते ठाऊक नव्हते, आणि तिघे मारिले असते तर खेळच मोडला असता, म्हणोन एकावर भागविले.

"एकावर म्हंजे माझ्यावर," भीमराज बोलिले.

"तवा तुझंच नाव आलं तोंडात."

"काहून?"

या सवालावर दत्तप्रसादाने सदरा आणिक जोराने पिळिला. जबाब त्यांस ठाऊक होता, आणि आपणांस ठाऊक आहे हे त्यांस त्या घडीस प्रथमच कळले, ऐसे त्यांचे तोंड जाहले. सदरा पिळून संपला तरी पिळीत राहिले.

"जाळ हाये का आमटी हाये," चांगुणाबाई बोलिल्या, "एकाच्याच ताटात वाढायला?"

आणि मग बाईंनी ग्रंथाची मालकीण या नात्याने निवाडा दिला तो ऐसा: गुहेत तिघे होते, तिघेही मेले, यात कमीजास्त नाही. ज्याने जाळ अडविला त्याने खेळवण्याची गादी सोडावी आणि नवा, बिनबळाचा, बिनघोडीचा गडी घेऊन सर्वांसारखे पायी चालावे. गादीवर ही पोरगी बसेल, कारण हैबतीला जिने नेले तिला माणसे नेता येतील. ग्रंथ कोठेही जाणार नाही. राक्षस पाहणे असेल त्याने मेंढरांचा तळ जेथे असेल तेथे यावे, आणि येताना गूळभाकर आणावी. आणि रूपसिंगाने घोंगडी परत करावी.

"मुकुटाचं काही न्हाई का?" रूपसिंगाने शेवटचा अर्ज केला. तो नामंजूर जाहला.

ये दिवशी, वैशाखमासी, हट्ट्याचे शिवारी, कालव्याचे पलीकडे, शिरड शहापूरकर फौजेची राक्षसग्रंथावरील मोहीम फत्ते पावली, ऐसे दाखल केले असे. आपले बाजूचे खड्गराव, धूम्रलेखा आणि बिजली हे तिन्ही सरदार एकाच जाळात, एकाच क्षणी ठार पडिले. किल्ला, घोडी व मुकुट गेले. शत्रू जाळओक्या यास ओरखडाही उठला नाही. सेनापती भिजले, एक जोडा बूट गमावला, आणि ज्या ग्रंथासाठी गेलो तो मिळाला नाही.

ही शिकस्त म्हणावी ऐसे वाचणारा म्हणेल. त्याने राजेश्री भीमराज यांस तेव्हा पाहावयास हवे होते. तीन मासांचे कुलूप त्यांनी गावी येताच उघडिले, दोन्ही ग्रंथ बहिणीचे हाती दिले, आणि बूथवर बसोन जो येईल त्यास हसत वर्तमान सांगितले की आमचा खड्गराव मेला, सगळ्यांसंगट मेला.